घरी ईव्ही चार्जर बसवताय? भिंतीवरचा डबा शेवटी, आधी मीटर आणि अर्थिंग

गाडीची डिलिव्हरी शनिवारी असते आणि मला फोन येतो शुक्रवारी संध्याकाळी. "तेवढं चार्जरचं जोडून द्या की, दोन तासांचं तर काम हाय." डबा भिंतीला ठोकायला दोन तासही लागत नाहीत, हे खरं आहे. पण त्या डब्यापर्यंत वीज नीट पोचवायला दोन दिवस लागू शकतात, आणि लोड वाढवून घ्यायचा असेल तर त्याहून बरेच जास्त. म्हणून पहिली पायरी हीच: गाडी बुक केली त्याच आठवड्यात वायरमनला घरी बोलवा, आणि तो आला की त्याला पार्किंग दाखवायच्या आधी मीटर दाखवा.

कोल्हापुरात वायरिंगची कामं घेताना गेल्या काही वर्षांत चार्जरची कामं वाढत गेली. पेठेतली जुनी घरं, नागाळा पार्कातले बंगले, नव्या अपार्टमेंट, सगळीकडे एकच गैरसमज भेटतो. लोकांना वाटतं, फ्रीज किंवा एसी आणला तसा चार्जर आणला. एसीचा कॉम्प्रेसर अधूनमधून विसावा घेतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. चार्जर मात्र ३२ अँपिअर धरून सलग सहा-सात तास बसतो, तेही घरातले सगळे झोपलेले असताना. घराच्या वायरिंगने असा भार आजवर पाहिलेलाच नसतो.

गाडी किती खेचते ते आधी बघा

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीतल्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेचं डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेत रूपांतर करून बॅटरी भरण्याचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे एक शहाणं स्विच आहे. तो अर्थिंग तपासतो, गाडीला "एवढे अँपिअर घे" असं सांगतो आणि गाडी तयार झाली की आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, ओढून वीज सोडतो. हे सांगणं चालतं १ किलोहर्ट्झच्या सिग्नलवर. सिग्नल ५३ टक्के वेळ चालू असेल तर त्याचा अर्थ ३२ अँपिअर, २७ टक्क्यांच्या आसपास असेल तर १६.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते. गाडीचा ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ११ किंवा २२ किलोवॅटचा थ्री फेज डबा लावूनही गाडी ७.२ च घेणार. ३.३ चा असेल तर ३.३ च. टियागो ईव्हीत दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून आपला कोणता ते गाडीच्या कागदावर बघा, शोरूममधल्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता हिशोब. समजा तुम्ही शहरातून कागलच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर करता. साधारण कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे वाटेतली गळती धरून रोज सात युनिट. ३.३ किलोवॅटवर हे सव्वादोन तासांत भरतं. रात्री दहाला लावली तर साडेबाराच्या आत काम झालं. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की, गावात आणि आसपास फिरणाऱ्या बहुतेकांना १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. ७.२ घ्या ते बॅटरी मोठी असेल, घरात दोन ईव्ही असतील, किंवा आज पुण्याहून येऊन उद्या पहाटे पुन्हा निघायचं असेल तेव्हा. ४५ युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर ३.३ वर चौदा-पंधरा तास जातात, ७.२ वर साडेसहा-सात.

फक्त एक करा. आज १६ चा पॉइंट घेतला तरी केबल ३२ अँपिअरची टाका. भिंत एकदाच फोडायची असते.

स्कूटरवाल्यांनी फार डोकं लावायला नको. बहुतेक स्कूटरचा चार्जर किलोवॅटच्या आत असतो. त्याला स्वतंत्र एमसीबीवरचा (जादा प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच), चांगल्या अर्थिंगचा १६ अँपिअरचा सॉकेट पुरे. खिडकीतून लोंबणारा एक्स्टेन्शन बोर्ड मात्र स्कूटरलाही नको.

मीटर, मंजूर भार आणि स्लॅब

महावितरणच्या बिलावर मंजूर भाराचा, म्हणजे एका वेळी किती लोड घ्यायची परवानगी आहे त्याचा, रकाना असतो. कित्येक घरांत तिथे १ किंवा २ किलोवॅट दिसतात, कारण मीटर घेतला तेव्हा घरात चार ट्यूब, दोन पंखे आणि एक टीव्ही होता. आज त्याच मीटरवर गिझर, एसी, पाण्याची मोटर चालते. त्यावर ७.२ किलोवॅट टाकायचे.

२३० व्होल्टला ३२ ने गुणा, ७,३६० वॅट होतात. त्यात सकाळचा २ किलोवॅटचा गिझर आणि एक अश्वशक्तीची मोटर धरा, झाले दहा किलोवॅट. सिंगल फेजच्या सर्व्हिस वायरचा आणि मीटरचा हा घास नाही. म्हणून ७.२ चा चार्जर लावायचा तर मी थ्री फेज मीटर घ्यायलाच सांगतो. चार्जर एका फेजवर, गिझर-मोटर दुसऱ्यावर, बाकीचं घर तिसऱ्यावर. ३.३ साठी सिंगल फेजवर मंजूर भार वाढवून बहुतेक घरांत भागतं. अर्ज महावितरणच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून करता येतो. कोटेशन येतं, वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो.

"भार नाही वाढवला तर काय होतंय?" हे हमखास विचारतात. कधी काहीच होत नाही, तीच अडचण आहे. मीटरखालचं जुनं कटआउट (फ्यूज) महिनाभर तापत राहतं आणि मग एका रात्री जळतं.

बिलाचं गणित वेगळं. आपल्या घरी आपली गाडी घरगुती मीटरवर चार्ज करता येते, त्याला निराळी परवानगी लागत नाही. पण घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे-पावणेदोनशे युनिट. घरचा वापर २०० असेल तर गाडी तुम्हाला सरळ पुढच्या टप्प्यात नेऊन बसवते. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळ्या वर्गातली जोडणीही मिळते. वापर जास्त असेल तर कागद-पेन घेऊन दोन्ही हिशोब मांडा, आणि त्यात दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार विसरू नका. छतावर सोलर असेल, किंवा पीएम सूर्यघर योजनेतून बसवायचा विचार असेल, तर पॅनेल ठरवतानाच गाडीचे युनिट धरा. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात तेवढी अपेक्षा ठेवू नका.

कामाला कोण?

बऱ्याच कंपन्या गाडीसोबत चार्जर देतात आणि बसवायला माणूसही पाठवतात. ते चांगलंच आहे. पण "मोफत" म्हणजे ठरावीक लांबीच्या केबलपर्यंत मोफत. मीटर जिन्याखाली आणि गाडी मागच्या बोळात असेल तर पुढच्या प्रत्येक मीटर केबलचे पैसे पडतात, आणि मग केबल बारीक वापरून अंतर भागवण्याचा मोह होतो. माणूस टेप लावून रस्ता मोजतोय का, बघा. बाहेरचा ठेकेदार घेत असाल तर राज्य शासनाचा विद्युत ठेकेदार परवाना मागा आणि त्याची मुदत वाचा. परवाना मागितल्यावर रागावणारा माणूस नको.

अंदाजपत्रकात "चार्जर फिटिंग, एकूण इतके" एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. केबलचा आकार आणि लांबी, एमसीबीचा आकडा, आरसीसीबीचा (वीज गळायला लागली की लाइन तोडणाऱ्या स्विचचा) प्रकार, अर्थिंगची पद्धत, हे चारही त्यात हवेत.

केबल आणि ब्रेकर

चार्जरची लाइन थेट मीटरजवळून, मेन स्विचनंतर, स्वतंत्र काढायची. घरातल्या डीबीतला (एमसीबींच्या पेटीतला) रिकामा एमसीबी बघून त्याला जोडायची नाही, आणि इन्व्हर्टरच्या बाजूला तर नाहीच नाही.

३२ अँपिअरला तांब्याची ६ स्क्वेअर एमएम केबल हा किमान आकार. अंतर वाढलं की व्होल्टेज पडतो. ४० मीटर लांब ६ च्या केबलमध्ये ३२ अँपिअरला जवळपास नऊ व्होल्ट वाटेतच जातात, १० स्क्वेअर एमएमला साडेपाच. केबल २५ मीटरहून लांब असेल, उन्हातल्या पाइपातून जात असेल किंवा इतर वायरींच्या गर्दीतून, तर सरळ १० घ्या. १६ अँपिअरला ४ पुरते, पण पुढे ३२ करायची शक्यता असेल तर वर सांगितल्याप्रमाणे मोठीच टाका. जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल, अडीच फूट चर, तळाला वाळू आणि वर विटांचा थर.

पेठेतल्या घरांत अजून ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडले की तो सांधा गंजत जातो. जोडायचंच असेल तर बायमेटल लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची दोन धातूंची टोपी) लागतो. खरं तर ती वायर या कामासाठी सोडून द्यावी.

सांध्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आग तिथून लागते. समजा एखादा स्क्रू सैल राहिला आणि तिथे ०.०५ ओहमचा अडथळा झाला. आकडा किरकोळ वाटतो. पण उष्णता होते प्रवाहाच्या वर्गाने: ३२ गुणिले ३२ गुणिले ०.०५, म्हणजे ५१ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न तेवढंच असतं. ते तुमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सहा तास लावून ठेवलंय असं समजा. म्हणून प्रत्येक टोकाला क्रिंप केलेला लग हवा, स्क्रू नीट आवळलेला हवा, आणि महिन्याभराने एकदा पुन्हा आवळायला हवा.

३२ अँपिअरच्या चार्जरला ४० चा सी-कर्व्ह डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी. ३२ चाच लावला तर तासन्‌तास पूर्ण भारावर राहून तो गरम होतो आणि उगाच पडतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि तो टाइप एसी नको, निदान टाइप ए हवा. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून कधी डीसी गळती होऊ शकते. टाइप एसीचा आरसीसीबी अशा गळतीत आंधळा होतो आणि खरा शॉक लागेल तेव्हा पडत नाही. काही चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आतच असते, तेव्हा बाहेर टाइप ए पुरतो. नसेल तर टाइप बी घ्यावा लागतो, तो महाग आहे. चार्जरच्या माहितीपत्रकात ही ओळ शोधा. दुकानदार न विचारता जो आरसीसीबी हातात देतो तो बहुतेकदा टाइप एसी असतो.

शिवाय सर्ज प्रोटेक्टर. एप्रिल-मे मधला आमचा वळीव विजा घेऊनच येतो.

अर्थिंग: इथे वेळ द्या

चार्जर बसवला, गाडी लावली आणि लाल दिवा. दहातल्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. घरात तीन पिनांचे सॉकेट आहेत म्हणजे अर्थ आहे असं नाही. कित्येक घरांत तिसरी वायर भिंतीत कुठेतरी संपलेली असते, किंवा पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. पाइप बदलून प्लॅस्टिकचा आला आणि अर्थ गेला.

अशा वेळी एक "जुगाड" चालतो, तो नीट ओळखून ठेवा. चार्जर अर्थ मागतोय ना, मग सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकायचा. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते, माणूस पैसे घेऊन जातो. एका घरी मी हे स्वतः उघडून पाहिलंय. मागून कधी न्यूट्रल तुटला की फेज उलटा फिरून गाडीच्या पत्र्यावर येतो. पावसात ओल्या पायांनी दार उघडणाऱ्याला २३० व्होल्ट. काम झाल्यावर सॉकेट उघडून दाखवायला सांगा, लाजू नका.

चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घ्या. कोळसा-मिठाचा जुना खड्डाही चालतो, पण त्याला उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस घरात हवा. तो नसेल तर केमिकल अर्थिंग बरं. जमिनीप्रमाणे फरक पडतो. नदीकडच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे एका इलेक्ट्रोडवर काम होतं. पाचगाव-मोरेवाडीच्या माळाकडे मुरूम आणि खाली खडक, तिथे कधी दोन खड्डे घेऊन जोडावे लागतात. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या खाली आकडा आणा, आणि तो मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात कोणताही खड्डा शहाण्यासारखा वागतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मी दोन-तीन व्होल्टच्या आत मागतो. जास्त असेल तर न्यूट्रल कुठेतरी सैल आहे, कधी तो खांबावरही असतो, मग महावितरणकडे तक्रार.

अर्थिंग इतकं चांगलं असेल तर आरसीसीबी कशाला, असंही विचारतात. २३० ला ५ ने भागा: ४६ अँपिअर. ४० चा सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला २०० ते ४०० अँपिअर लागतात. म्हणजे गाडीच्या पत्र्यावर फेज आला तरी एमसीबी बघत बसेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. दोन्ही लागतात.

जागा कुठली

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात की चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा, गाडीचा चार्जिंग पोर्ट पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यावा, आणि एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नये. मी डबा छातीच्या उंचीला लावतो. आधी गाडी जागेवर उभी करून पोर्ट कुठे येतो ते बघा. कुणाचा पुढे नाकावर, कुणाचा मागच्या फेंडरवर. घरातला माणूस गाडी उलटी लावतो की सुलटी, हेही विचारा. हा प्रश्न न विचारल्यामुळे मी एकदा डबा या भिंतीवरून त्या भिंतीवर हलवलाय, स्वतःच्या खर्चाने.

आपल्याकडचा पाऊस नुसता वरून येत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. उघड्यावर लावायचा डबा आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) घ्या, केबल खालून पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून आत न्या, वरून कधीच नको. वर पत्र्याची छोटी टोपी उद्यमनगरात कुणीही एका दिवसात करून देतो. मातीच्या जुन्या भिंतीत खुंटी धरत नाही, तिथे लोखंडी अँगलची चौकट करून त्यावर डबा बसवावा. तीही उद्यमनगरातूनच.

२०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी ८०० मिलिमीटरचा नियम म्हणजे थट्टा आहे. शाहूपुरी, दुधाळी, रमणमळा, कसबा बावडा, पलीकडे चिखली-आंबेवाडी, इथे काम घेताना मी पहिल्यांदा विचारतो, पाणी कुठवर आलं होतं? लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. खूण छातीच्या खाली असेल तर डबा त्यावर हातभर उंच नेता येतो. डोक्याच्या वर असेल तर भिंतीवर कायमचा डबा लावूच नका. एमसीबी आणि आरसीसीबी वरच्या मजल्यावर ठेवायचे, खाली फक्त निळा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट द्यायचा आणि त्यात लागणारा पोर्टेबल चार्जर घ्यायचा. पाणी चढू लागलं की तो काढून काखेत मारून वर न्यायचा.

अपार्टमेंटमध्ये सोसायटीची ना हरकत लेखी घ्या, आणि अर्जासोबत केबल कुठून कुठे जाणार त्याचा साधा नकाशा द्या. भांडण बहुधा केबलच्या रस्त्यावरून होतं, चार्जरवरून नाही. लाइन शक्यतो तुमच्याच मीटरवरून आणा. कॉमन मीटरवरून घेतली तर सबमीटर पहिल्या दिवसापासून लावा.

काम संपल्यावर, पैसे द्यायच्या आधी

चाचण्या तुमच्यासमोर व्हायला हव्यात. चार्जर सुटा ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने केबलचं इन्सुलेशन मोजायचं. एक मेगओहम ही किमान मर्यादा झाली, नवी केबल त्याच्या कितीतरी पट दाखवते. मग अर्थचा आकडा, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण. हे आकडे कागदावर सही-तारखेसह लिहून घ्या.

मग गाडी लावा आणि तासभर थांबा. वायरमन घाईत असेल तर चहा करा, पण त्याला जाऊ देऊ नका. तासाने क्लॅम्प मीटरवर प्रवाह बघायचा, डब्याशी व्होल्टेज किती पडला ते बघायचं, आणि एमसीबीच्या प्लॅस्टिकला बाहेरून हाताचा उलटा तळवा लावायचा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर कुठलातरी स्क्रू सैल आहे, आणि तो आत्ताच सापडलेला बरा. घरात गिझर-मोटर एकदम चालवून बघा, मेन पडतो का. गिझर, मोटर आणि चार्जिंग रोज एकाच वेळी चालवायची गरजही नाही. गाडीत टायमर असतो, तो रात्री अकराचा लावा.

पुढे महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा, आणि दरवर्षी मेअखेर, पावसाच्या आधी, स्क्रू आवळून अर्थ मोजून घ्या.

पूरपट्ट्यात राहत असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर लक्ष ठेवा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. मी माझ्या गिऱ्हाइकांना ३९ लाच सांगतो: गाडी उंचावर नेऊन लावा, चार्जरचा एमसीबी पाडा, पोर्टेबल असेल तर वर न्या. पाणी अंगणात यायची वाट बघू नका, ओल्यात उभं राहून स्विच पाडायचा नसतो. पाणी ओसरल्यावर सॉकेट उघडून गाळ काढायचा, चार दिवस वाळू द्यायचं, मेगर मारायचा, आकडा नीट आला तरच एमसीबी वर करायचा. डबा पाण्याखाली गेला असेल तर तो वाळवून पुन्हा लावू नका, बाहेरून कितीही कोरडा दिसला तरी. गाडीच पाण्यात होती तर तिला केबल लावायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करा.